मनगट पुढे करणारी माणसं

भाद्रपद सरत आला की सोनईत दोन वास एकदमच येतात. एक मळणीयंत्रातून उडणाऱ्या बाजरीच्या भुसाचा, घशात खवखवणारा. दुसरा डासांसाठी गल्लीबोळांतून सोडलेल्या धुराचा. धूर सोडणारा माणूस तोंडाला उपरणं बांधून पुढे चालतो, आणि डास, माझ्या अनुभवाप्रमाणे, तेवढ्यापुरते शेजारच्या गल्लीत पाहुणचाराला जातात. हे दोन वास आले की मी समजते, तापाचा हंगाम लागला. शेतकऱ्याला खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम असतात, डॉक्टरला हा तिसरा. याला पेरणी लागत नाही, कुठल्या तरी ड्रममध्ये, फुटक्या टायरमध्ये, गुरांच्या हौदात तो आपोआप उगवतो.

यंदा तो माझ्याच अंगात उगवला. ताप तीन दिवसांत गेला, पण जाताना सांधे घेऊन गेला. सकाळी उठल्यावर पायांचे घोटे मला ओळखत नाहीत. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, नळाची तोटी फिरत नाही, आणि पदराला पिन लावायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. "थोडे दिवस दुखेल, धीर धरा," हे वाक्य मी या गावात किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. थोडे दिवस किती लांब असतात ते आता कळतंय.

आमचं घर आणि दवाखाना एकाच छताखाली आहे. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे मी. पडल्या पडल्या मला पुढचं सगळं ऐकू येतं. पूर्वी दारात कोण आलं ते खोकल्यावरून ओळखायला यायचं. आता भिंतीवरचं यंत्र टोकनचा आकडा पुकारतं आणि "कृपया आत या" म्हणतं. यंत्रातल्या त्या बाईचा आवाज गोड आहे, आणि ती कधीच दमत नाही. मला तिचा थोडा हेवा वाटतो.

पुढे सायली बसते. माझ्या मैत्रिणीची लेक. शिकून मोठी डॉक्टर झाली, पुण्यात चांगलं चाललं होतं, ते सोडून इथे यायचं म्हणाली तेव्हा मला वाटलं चार महिन्यांत परत जाईल. गेली नाही. तिच्या टेबलावर एक सपाट पाटी असते, ती रोग्याचं बोलणं ऐकते आणि आपणहून टिपून ठेवते. सायलीला लिहावं लागत नाही. औषधांचा आपसात मेळ बसत नसेल तर ती पाटी आधीच लाल होते. असलं काही माझ्या तरुणपणी असतं तर मी देव पाण्यात ठेवून मागितलं असतं. दिवाळीनंतर दवाखाना पूर्ण तिच्या हवाली करायचा असं आमचं ठरलंय. मी आनंदानं हो म्हटलं. खरं सांगायचं तर आनंदापेक्षा दमणूकच जास्त होती.

एवढं असूनही मागच्या खोलीत पडल्या पडल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बरेच दिवस विचार केला तेव्हा कळलं, मला बांगड्यांचा आवाज ऐकू येत नाहीये.

आमच्या भागातली जुनी माणसं डॉक्टरसमोर बसली की आधी बोलत नाहीत. आधी मनगट पुढे करतात. पुरुष असेल तर सदऱ्याची बाही वर सारतो, बाई असेल तर काचेच्या बांगड्या कोपराकडे ढकलते, त्यांचा किणकिण आवाज होतो, आणि मग उताणा हात टेबलावर येतो. काय होतंय हे विचारायचं नंतर. कुणाचा पाय मुरगळलेला असतो, कुणाला गजकर्ण झालेलं असतं, तरी हात तोच. नाडीचा आणि गजकर्णाचा काय संबंध असं मी नवी असताना एकीला विचारलं होतं. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाली, हात बघितल्याबगर तुमाला कसं कळंल मी कोन ते. तेव्हापासून मी आधी हात धरायला शिकले. बोटं नाडीवर ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. तेवढ्या वेळात समोरची बाई घरून ठरवून आणलेलं दुखणं बाजूला ठेवते आणि खरं दुखणं बोलायला लागते. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. इथे सगळ्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं, त्यात माझं काही कौतुक नाही.

मग करोना आला. टेबलाच्या मध्ये काच आली, काचेला खाली एक चौकोनी भोक आलं आणि त्यातून कागद, गोळ्या, बोटाला लावायचा चिमटा एवढंच इकडून तिकडे जाऊ लागलं. ते गरजेचं होतं. पण साथ गेली, काच काढली, तरी हात परत आले नाहीत. चिमटा लावला की ठोके दिसतात, कपाळासमोर पिस्तूल धरलं की ताप दिसतो. माणसांनाही सवय लागली. मनगट पुढे करायच्या जागी ती मोबाईल पुढे करू लागली.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीचा तापाचा हंगाम मला राहून राहून आठवतो. तसा हंगाम पुन्हा येऊ नये.

त्या वर्षी डेंगीनं गावाला धरलं. एका घरातून निघाला की भिंतीपलीकडच्या घरात शिरायचा. आणि त्या वर्षी गावाला एक नवा शब्द मिळाला, प्लेटलेट. पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, मारुतीच्या ओट्यावर एकच विषय. माणसं एकमेकांना रामराम घालायच्या आधी आकडा विचारायची. ज्याचा आकडा सगळ्यात खाली जाऊन आला त्याला लढाईवरून परतल्यासारखा मान. एक जण तर शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा खाली गेला म्हणून चांगलाच खट्टू झालेला मी पाहिला. पपईच्या पानांचा रस पिऊन आकडा वाढतो असं कुणीतरी सांगितलं आणि आठवडाभरात गावातली पपईची झाडं बोडकी झाली. शेळीच्या दुधाला कधी नव्हे तो भाव आला. बाजारात त्या वरून केसाळ, आतून हिरव्या फळाच्या पेट्या येऊन पडल्या, ज्याचं नाव निम्म्या गावाला घेता येत नव्हतं, तरी सगळं गाव ते खात होतं.

नगरची एक रक्त तपासणारी लॅब तेव्हा घरपोच माणूस पाठवू लागली. तो मोटारसायकलवर यायचा, नाव विचारायचा, मोबाईलवर टिपायचा, दंडाला रबर बांधायचा, नळीवर रेघांचं लेबल डकवायचा आणि पुढच्या वस्तीवर जायचा. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट घरच्यांच्या मोबाईलवर आणि माझ्याही. सोय मोठी होती. वस्तीवरून आजारी माणसाला गाडीवर मधे बसवून आणायची दगदग वाचली. दिवसभर माझा मोबाईल टिंग टिंग वाजायचा आणि मी आकडे बघून फोनवर सांगायचे, पाणी पाजत राहा, उद्या पुन्हा तपासू, याला घेऊन या, हिला आणू नका. रात्री डोळे मिटले तरी आकडे दिसायचे. चेहरे दिसायचे नाहीत, कारण पाहिलेच नव्हते.

त्यातच नवरात्र बसलं. आमच्याकडे नवरात्रात दिवस तारखेनं मोजत नाहीत, माळेनं मोजतात. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरून त्यात धान्य पेरतात, मधे पाण्यानं भरलेला घट ठेवतात, शेजारी दिवा अखंड तेवत ठेवतात आणि रोज एक फुलांची माळ वरून खाली सोडतात. म्हणून आज तिसरी माळ, उद्या चौथी. घरची कारभारीण नऊ दिवस उपास धरते, अनवाणी चालते, जमिनीवर झोपते. झोपते म्हणायचं एवढंच, एक डोळा दिव्यावर असतो.

पाचव्या माळेला भानुदास दवाखान्यात आले. नेवाशाच्या रस्त्याला त्यांची वस्ती, तिथे कांद्याची रोपं टाकलेली. त्यांची बायको कडूबाई माझ्या जुन्या रोग्यांपैकी, जवळपास माझ्याच वयाची. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं, वाईट नावाच्या लेकराला काळ नेत नाही म्हणून. कडूबाई बोलायला मात्र कडू नव्हत्या, तिखट होत्या. त्या आल्या की बाकावरच्या बायका सरकून जागा देत आणि पुढचा तास दवाखान्यात करमणूक असे.

भानुदास स्वतःचा गुडघा दाखवायला आले होते. बायकोचं कसं आहे असं मी विचारलं, कारण तिचा ताप चालू होता हे मला माहीत होतं आणि आदल्या दिवशी तिचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येऊन पडला होता. प्लेटलेट भरपूर, बाकी सगळं जागच्या जागी. भानुदास म्हणाले, बरं हाय की, ताप बी उतरला. मग उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

"रिपोर्ट चांगला हाय बाई," ते म्हणाले, "पन ती बोलंना. सकाळधरनं मला एक शिवी सुदिक दिली न्हाई."

बाकावरच्या दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. कडूबाई गप्प आहेत ही खबर मला कुठल्याही आकड्यापेक्षा वाईट वाटली. बाहेर रांग होती, माझे पाय भरून आले होते, जेवण व्हायचं होतं. रिपोर्ट उत्तम असलेल्या बाईला बघायला वस्तीवर जायचं काही कारण नव्हतं. तरी मी पिशवी उचलली आणि भानुदासांच्या गाडीवर मागे बसले.

बाहेर इतकं ऊन होतं की घरात शिरल्यावर आधी काहीच दिसलं नाही, फक्त दिवा दिसला. मग घट दिसला, मातीतून आलेले पिवळसर कोंब दिसले, आणि मग त्याच्या शेजारी घोंगडीवर बसलेल्या कडूबाई. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि सवयीनं बांगड्या मागे सारल्या. हात पुढे आला. मी खाली बसले आणि तो हातात घेतला.

हात गार होता. ऊन बाहेर पत्रे तापवत होतं आणि तो हात माठाला लावून ठेवल्यासारखा गार. नाडी मिळेना. मिळाली ती दोऱ्यासारखी, बोटाखालून निसटणारी, पळणारी. जिथून बांगड्या सरकल्या होत्या तिथे कातडीवर बारीक लाल ठिपके होते, कुणी मुंगीच्या पावलानं चालून गेल्यासारखे. मी पायांना हात लावला, तेही गार. पोट दुखतंय का विचारलं तर मान हलवली, हो. रक्तदाब पाहिला तर वरचा आणि खालचा आकडा एकमेकांना येऊन भिडायच्या बेतात.

डेंगीत असंच होतं. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याच वेळी आतून माणूस निसटायला लागतो. पण मग रिपोर्ट? मी मोबाईल काढून पुन्हा बघितला. नाव तिचंच, वय तिचंच, वस्ती तीच. माझा हात एक सांगत होता आणि मोबाईल दुसरं. मला भीती वाटली. इतकी वर्षं काम करून मला अशी भीती क्वचित वाटली असेल.

मी काही न विचारता हात तसाच धरून बसले. दाराशी त्यांची मुलगी अलका उभी होती, नवरात्रासाठी माहेरी आलेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. कडूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दिव्याकडे.

"बाई, ते रगत माजं न्हाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "अलकीचं हाय."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. लॅबचा माणूस आला तेव्हा घट बसलेले होते. सुई टोचली की रक्त निघणार, रक्त निघालं की विटाळ, आणि विटाळ झाला की घटाला आणि दिव्याला हात लावता येणार नाही. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, तिचा घट तिच्या सासरी. मग दिवा कोण बघणार? तर मायलेकींनी विचार केला की रक्त काय, आईचं आणि लेकीचं एकच. लेक आईच्याच पोटातून आली ना. माणसानं कडूबाई कोण म्हणून विचारलं, अलकानं हात पुढे केला, त्यानं मोबाईलमधून वर न बघता सुई टोचली आणि गेला. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या नावावर तिशीतल्या मुलीचं रक्त गेलं. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी घरातलं रक्त घरातल्याच नावावर गेलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आता हिला ताबडतोब नगरला हलवायचं, एवढंच डोक्यात होतं. तसं मी बोलले आणि कडूबाईंनी हात काढून घेतला. दिवा सोडून त्या कुठे जाणार नव्हत्या. नवव्या माळेनंतर न्या म्हणाल्या. नववी माळ त्या बघणार नाहीत हे मी त्यांना सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, मग न्हाई बघनार. अलका रडायला लागली. देवी रागावणार नाही वगैरे मी बोलून पाहिलं, पण देवीच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कुणी दिला होता? मी पुन्हा त्यांचा हात घेतला, त्यांनी या वेळी काढला नाही, एवढीच काय ती प्रगती.

इतका वेळ भानुदास उंबऱ्यात उभे होते. टोपी हातात.

"दिवा मी बघतो," ते म्हणाले. "तू जा."

कडूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घरात पुरुषानं घटाला कधी हात लावला नव्हता. "तुमाला झोप लागंल," त्या म्हणाल्या.

"न्हाई लागनार."

मग त्यांनी नवऱ्याला जवळ बसवलं आणि सांगायला लागल्या. तेल कधी घालायचं, किती, वात पुढे कशी सारायची, वारा सुटला तर आडोसा कुठल्या बाजूनं करायचा, माळ सोडताना पाठ कुठे करायची नाही. आवाज जेमतेम निघत होता. प्रत्येक गोष्ट भानुदासांकडून परत वदवून घेत होत्या. बाहेर शेजाऱ्यांची जीप चालू करून ठेवली होती. माझ्या बोटाखाली नाडी पळत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं की आता पुरे. पण घाई केली असती तर त्या उठल्या नसत्या. त्या सांगत होत्या तेवढा वेळ मी मनगट सोडलं नाही. माझ्या सगळ्या डॉक्टरकीत याहून अवघड काम मी केलेलं नाही, आणि कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं की बाई नुसती बसलीय.

सलाईनही त्यांनी घरात लावू दिलं नाही. उचलून उंबऱ्याबाहेर आणलं, जीपमध्ये आडवं केलं, तेव्हा आपणहून हात पुढे केला, आता टोचा म्हणाल्या. जीपच्या वरच्या दांडीला सलाईनची बाटली बांधली आणि घोडेगावच्या फाट्यावरून आम्ही नगरला निघालो. देवदर्शनाच्या गाड्यांची गर्दी होती. वाटेत दोनदा मला वाटलं की आता ही आपल्या हातात राहत नाही.

पुढचं काम यंत्रांनी केलं, आणि उत्तम केलं, हेही सांगायला हवं. नगरच्या दवाखान्यात त्यांच्याभोवती इतक्या पडद्यांवर इतक्या रेघा पळत होत्या की मी एका कोपऱ्यात चोरासारखी उभी राहिले. थेंब मोजून सोडणारं यंत्र, तासातासाला रक्त तपासणारं यंत्र. खरा आकडा आला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं माझ्याकडे पाहून फक्त ओठ आवळले. ती यंत्रं नसती तर कडूबाई गेल्या असत्या. लॅबच्या यंत्रानं तरी काय खोटं सांगितलं होतं? त्याच्यात जे रक्त घातलं त्याचा आकडा त्यानं बिनचूक दिला. ते कुणाचं आहे हे विचारायचं काम त्याचं नव्हतं, ते आमचं होतं. यंत्रांना नावं ठेवणाऱ्या गप्पांत मी म्हणून कधी बसत नाही. दमलेल्या माणसाला कुणावर तरी रागवायला बरं वाटतं, पण हा राग चुकीच्या पत्त्यावर जातो.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर कडूबाईंनी पहिला शब्द काढला तो दिव्याचा. अलकानं मोबाईल लावला. पलीकडे भानुदासांचं नाक दिसलं, मग छत दिसलं, मग थरथरत दिवा दिसला, जागेवर, जळत असलेला. तेव्हापासून रोज सकाळी त्या मोबाईलमधला दिवा बघायच्या. तिथल्या सिस्टरनं आधी आत मोबाईल चालणार नाही म्हणून दटावलं, आणि दोनच दिवसांनी तीच विचारू लागली, मावशी, आज दिवा बघितला का? त्या काचेच्या तुकड्यातून भानुदासांनी बायकोला जेवढं धरून ठेवलं तेवढं मी मनगटाला धरून ठेवलं असेल की नाही, सांगता येत नाही.

दसऱ्याला ते नगरला आले तेव्हा टोपीत घटातले पिवळे कोंब खोचलेले होते आणि डोळे लाल. झोपलेच नव्हते. कडूबाईंनी कोंब बघितले, त्यांच्याकडे बघितलं आणि दाढी किती वाढलीय म्हणून चार शब्द सुनावले. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. बाहेर जाऊन रडावं एवढंही सुचलं नाही.

हे सगळं यंदा पडल्या पडल्या आठवतंय. परवा मी सांधे सावरत पुढच्या खोलीत गेले आणि रोग्याच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. तिचा एक पाय डुगडुगतो हे मला माहीतच नव्हतं. सायलीनं माझे सगळे रिपोर्ट पडद्यावर लावले, एकेक नीट समजावून सांगितला. सगळं चांगलं आहे म्हणाली, सूज उतरायला वेळ लागेल, गोळी बदलून दिली, संध्याकाळी मुगाचं कढण पाठवते म्हणाली. चांगली डॉक्टर आहे. माझ्या हातून यातलं काहीही राहून गेलं असतं, तिच्या हातून राहत नाही.

"अजून काही होतंय का, मॅडम?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. तेव्हा माझं लक्ष गेलं. माझा उजवा हात मघापासून टेबलावर होता. उताणा. मी तो कधी पुढे केला मला कळलंच नव्हतं. सायलीची नजर पडद्यावर होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं, नाडीचा आकडा तिच्यासमोर हिरव्या अक्षरांत होता. मी थंडी वाजल्यासारखं करून हात शालीत घेतला. मागच्या खोलीत येऊन पडले तेव्हा मला फार एकटं वाटलं, आणि त्याचं हसूही आलं. ज्या बाईला तीस वर्षांपूर्वी मी नाडीचा आणि गजकर्णाचा संबंध विचारला होता, तिला आता उत्तर द्यायला मी कुठे शोधू?

काल चौथी माळ होती. दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. पुढे टोकन घेऊन यायची शिस्त या बाईनं कधी पाळली नाही. कडूबाई आत आल्या, अनवाणी, तळपाय काळ्या मातीनं भरलेले. नवरात्रात घर सोडून कशा आलात म्हटलं तर म्हणाल्या, दिव्याचं काम आता मालकाकडंच गेलंय, मला हात लावू देत न्हाईत, मी घालतो तसं तेल कुनाला जमत न्हाई म्हंत्यात. एवढं बोलून त्या माझ्या पलंगाशेजारी खाली जमिनीवर बसल्या. मी वर बसा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मग म्हणाल्या, रिपोर्ट चांगला हाय म्हनं तुमचा, ती डाक्टरीन पोरगी सांगत हुती.

मी म्हटलं, हो, चांगला आहे.

"मंग तोंड का असं?"

त्यांनी माझी शाल बाजूला केली, हात बाहेर काढला, माझी एकुलती एक बांगडी कोपराकडे सारली आणि मनगट धरलं. बाजू चुकीची होती. करंगळीकडच्या हाडावर त्यांची बोटं ठेवलेली, तिथे जन्मभर शोधलं तरी नाडी सापडायची नाही. तरी त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी मोजलं, मग डोळे उघडून, मी घड्याळाकडे बघायची तसं भिंतीकडे बघितलं. तिथे घड्याळ नाही, माझ्या आईचा फोटो आहे. त्यांचा हात खरबरीत होता, कांद्याच्या रोपांचा वास येत होता त्याला, आणि तो चांगला गरम होता.

"ठीक हाय," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या.

पुढच्या खोलीत यंत्रानं कुणाचा तरी आकडा पुकारला. कडूबाईंनी मनगट सोडलं नाही, आणि मीही त्यांना खरी जागा दाखवली नाही.